कानाचा कागद

ती पांढरी जीप महिन्याभरात तिसऱ्यांदा दारात येऊन उभी राहिली, तेव्हा रहमतभाईंनी तिच्याकडे पाहायचंही टाळलं. बशीत उरलेला चहा त्यांनी हळूहळू संपवला, कप विसळून पालथा घातला, गुडघ्यावर हात रोवून ते उठले आणि मगच म्हणाले, “आली का बाई परत.”

दिवाळी होऊन गेली होती, तरी ऊन उतरायचं नाव घेत नव्हतं. पिठाच्या गिरणीला लागून असलेलं त्यांचं गॅरेज म्हणजे चार लोखंडी खांबांवर पत्र्याचं छप्पर, पुढे तेलानं काळी झालेली जमीन आणि भिंतीला टेकवलेलं एक बाक. फुलसावंगीत त्या बाकावर बसून आपल्या गाडीची वाट पाहिली नाही, असा गाडीवाला सापडणं कठीण. चाळीस वर्षं होऊन गेली होती. तेवढ्या काळात कंबर गेली, गुडघे गेले, थोरला मुलगा अरसलान पुण्याला एका शोरूममध्ये लागला. तिथे म्हणे गाडीला वायर जोडली की तिचं दुखणं पडद्यावर लिहून येतं. रहमतभाईंजवळ तसलं काही नव्हतं. दोन कान होते, आणि त्यांच्यावरही आताशा त्यांचा फारसा भरवसा उरला नव्हता. संध्याकाळी घरी जेवता जेवता त्यांना वाटायचं, त्या टेम्पोचे शेवटचे नट आपण आवळले की नाही? मग हात धुऊन पुन्हा गॅरेजवर. नट आवळलेलेच असायचे. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच वाटायचं.

जीपमधून उकंडा उतरला. पंचावन्न-छप्पन्नचा हाडकुळा माणूस, खाकी शर्टाचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावणारा. आरोग्याच्या फिरत्या पथकाची जीप तो चालवायचा. म्हणजे जीप आणि तो, दोघंही एका ठेकेदाराचे, पथकानं भाड्यानं घेतलेले. घाटाखालच्या तांड्यांवर नर्सबाईंना न्यायचं आणि तिथल्या गरोदर बायांना तपासणीसाठी वर आणायचं, हे त्याचं काम. त्याच्या मागोमाग मोटरसायकलवर अतुल आला. अतुल ठेकेदाराचा माणूस. गाड्या, ड्रायव्हर, डिझेल, दुरुस्ती, सगळं तोच बघायचा. वय तिशीचं, बोलणं गोड आणि पाय कायम घाईत.

“चाचा, पाच मिनिटांचं काम हाय,” अतुल म्हणाला. त्यानं पिशवीतून एक छापील कागद काढला. “गाडी एक डाव पाहून घ्या अन् इथं सही करा.”

“चष्मा घरी राह्यला. वाच.”

अतुलनं वाचलं. सदर वाहनाची तपासणी केली असता त्यात कोणताही यांत्रिक बिघाड आढळून आला नाही. खाली तारीख आणि सहीसाठी रेघ.

कागद कशासाठी आहे, हे रहमतभाईंना सांगावं लागलं नाही. मंगळवारी काय झालं ते गावाला ठाऊक होतं. तांड्यावरून परत येताना चढावर जीप थांबली, मागची चाकं नव्यानं टाकलेल्या गिट्टीत गरगरली आणि गाडी भरल्या माणसांनिशी मागे घसरत गेली. एका सागाला अडकली म्हणून वाचली. आत शीला सिस्टर होत्या, त्यांचं मनगट मोडलं. धनीबाई होती, सात महिन्यांची गरोदर. तिला दोन दिवस दवाखान्यात ठेवलं होतं. ती आणि पोटातलं बाळ दोघंही ठीक निघाले, पण चौकशी लागलीच. आता गाडीत बिघाड नाही असं कागदावर आलं, तर चूक ड्रायव्हरची. ड्रायव्हर ठेक्यावरचा. त्याला काढायला दुसरा कागदही लागत नाही.

“फोर व्हील टाकलं होतं मी,” उकंडा म्हणाला. मंगळवारपासून तो बहुतेक एवढं एकच वाक्य बोलत होता.

“टाकलं असतं तं गाडी मांगं आली असती का, मामा?” अतुल म्हणाला. “फोर व्हीलमधी ही गाडी भिंतीवर चढते. घाबरले असान, राहून गेलं असन. माणूसच हाय.”

“घाबरलो नाई. टाकलं होतं. अन् आवाज येत होता. आवाजाचं मी पहिलेच सांगतलं होतं. ह्याईलेच सांगतलं होतं.”

ह्याईले म्हणजे रहमतभाईंना. ते खरंच होतं. महिन्याभरापूर्वी उकंडा या आवाजासाठी पहिल्यांदा आला, म्हणाला, चढावर पुढून काहीतरी वाजतं. रहमतभाईंनी खाली सरकून पाहिलं, मागे जोर नेणाऱ्या दांड्याच्या सांध्यातला क्रॉस झिजलेला होता, तो बदलून दिला. आठ दिवसांनी पुन्हा आला, म्हणे अजून वाजतं. त्या दिवशी त्यांनी गाडीला बसस्टॉपपर्यंत एक चक्कर मारून आणली. गाडी मुकाट चालली. बाकावर चार लोक बसले होते. त्यांच्यासमोर रहमतभाई म्हणाले होते, “गाडी ठणठणीत हाय, उकंडा. तुह्ये कान वाजून राह्यले. कान दाखव एक डाव.” चौघं हसले होते. उकंडाही थोडा हसला होता.

आता उकंडानं खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात लायसन्स होतं, आधार कार्ड होतं आणि चार घड्या घातलेला एक कागद होता. तो त्यानं नीट उलगडून पुढे धरला.

“हे काय?”

“तुमीच म्हटलं होतं ना, कान दाखव. पुसदले गेलतो. मळ काढला डॉक्टरनं. म्हणे, दोनी कान साफ, पोरासोरासारखं आइकू येते तुमाले.”

अतुलला हसू आलं. “खरंच गेलते का मामा तुमी?”

“मंग? मेकॅनिक म्हणून राह्यला कान खराब. ड्रायव्हरचे कान खराब असले तं लोकाईले घेऊन घाट कसा चढावा मी?”

रहमतभाईंनी कागद हातात घेतला. वाचता येत नव्हता, तरी बघत राहिले. चेष्टेत टाकलेलं एक वाक्य घेऊन हा माणूस बसनं पुसदला गेला होता, दवाखान्याच्या रांगेत बसला होता आणि त्यानं उत्तर आणलं होतं. एक दिवसाची रजा टाकली असेल. कोणाला सांगितलंही नसेल. त्यांना एकदम फार थकल्यासारखं झालं. वाटलं, सही करून टाकावी आणि घरी जाऊन पडावं.

पण सही केली नाही. त्यांनी बाकाकडे बोट केलं. “बस. आवाज काढून दाखव.”

ही त्यांची जुनी रीत. गाडीला हात लावायच्या आधी ते गाडीवाल्याला तोंडानं आवाज काढायला लावत. मोठमोठी मिशाळ माणसं त्या बाकावर बसून घर्र, चीं, खडखड करून दाखवत आणि बाकीचे पोट धरून हसत. कापूस वाहणाऱ्या एका टेम्पोवाल्यानं आपल्या गिअरबॉक्सचा आवाज असा काही काढला होता, की गिरणीसमोरची बकरी दावं तोडून पळाली होती. पण त्यातून रहमतभाईंना पुष्कळ कळायचं. आवाज कुठून सुरू होतो, कुठे तुटतो, माणूस मान कुठे वळवतो, पाय कुठे दाबतो. माणूस शब्दांत सांगू लागला की भलतंच सांगतो. तोंडानं काढलेला आवाज सहसा चुकत नाही.

आणि या वेळी दोन्ही खेपांना त्यांनी ते केलंच नव्हतं. पहिल्यांदा घरी बायकोच्या, अमिनाबींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं होतं, डोकं ठिकाणावर नव्हतं. दुसऱ्यांदा कारण काही नव्हतं. नुसता कंटाळा आला होता.

“इथं? सगळ्याईसमोर?” उकंडानं अतुलकडे पाहिलं.

“त्याले पाहू नको. स्टेअरिंग धरलं असं समज.”

उकंडानं दोन्ही हात हवेत धरले. घसा खाकरला. मान किंचित उजवीकडे, खाली झुकवली आणि हलक्या आवाजात म्हणाला, “कर्र... टक. टक. कर्रर्र... टक.”

“मोठ्यानं.”

“कर्रर्र... टक. टक.” या वेळी उजवा पाय दाबलेला, डोळे मिटलेले.

अतुलनं मोबाइल काढला होता. रहमतभाईंनी नुसतं बघितलं, तसा तो खिशात गेला.

एवढ्यात गिरणीपाशी एक ऑटो थांबला आणि शीला सिस्टर उतरल्या. पस्तिशीच्या, पांढऱ्या साडीवर निळा स्वेटर, तोही या उन्हात, कारण उजव्या हाताचं प्लास्टर लपवायला दुसरं काही सुचलं नसावं. चौकशीत त्यांचाही जबाब होता आणि गाडी तपासायला नेली हे कळल्यावर त्या दवाखान्यातून परस्पर आल्या होत्या.

“काय चाललंय मामा? पोवाडा?” त्या म्हणाल्या.

“आवाज काढून राह्यलो, सिस्टर. त्या चढावरचा.”

“तसा कुठं होता तो? अहो कर्र नव्हता. घुंई असा होता. मिक्सरमध्ये भिजलेली डाळ टाकली की येतो तसा. घुंईंई, एकसारखा.”

“नाई सिस्टर. कर्र.”

“मी काय झोपले होते का तिथं? घुंई.”

“तुमचं मनगट मोडलं तवा आइकू आलं असन घुंई.”

“मनगट मोडल्यावर मी ओरडले मामा, तो आवाज वेगळा.”

दोघं भांडू लागले आणि रहमतभाई मध्येच एका लाकडी खोक्यावर बसले. कमरेत कळ आली होती. ऐकताना त्यांच्या लक्षात येत होतं, की दोघं खोटं बोलत नाहीत. उकंडा बसतो उजवीकडे, स्टेअरिंगमागे. सिस्टर बसतात डावीकडे. एकाच गाडीत दोन आवाज होते आणि ज्याच्या पायाशी जो होता, तो त्याला ऐकू येत होता. असं त्यांना वाटलं खरं. पण हल्ली वाटण्यावर जाऊ नये, असं त्यांनी स्वतःशी ठरवलं होतं.

“आवाज येते कवा?” त्यांनी विचारलं.

“वापस येतानी, चढावर.”

“जातानी?”

“जातानी उतारच हाय. नाई येत.”

“सपाटीले? गावात?”

“कवाच नाई.”

“चढाच्या तोंडाशी थांबता का काई?”

“थांबतो ना. देव हाय तिथं. शेंदराचा गोटा हाय. सगळ्याच गाड्या थांबते.”

“थांबून काय करता?”

“पाया पडतो. अजून काय करतात देवापाशी?”

अतुलनं घड्याळ पाहिलं. “चाचा, आता देव कायले मधात? सही करता का जाऊ?”

“दहा मिनिटं थांब. नाई तं जा, सहीवाला दुसरा पाह्य.” रहमतभाई उठले, तेलाची रिकामी बादली उचलून जीपच्या डाव्या अंगाला पालथी घातली. “हा तुह्या गोटा. आता तिथं जे जे करता, ते ते सगळं करा. दोघंई. काई सोडू नका.”

उकंडा गाडीत बसला, उतरला, चपला काढल्या आणि बादलीसमोर हात जोडून उभा राहिला. तेलकट बादलीसमोरही त्यानं डोळे मिटले. सिस्टर डावीकडून उतरल्या, पण बादलीकडे न जाता वाकून पुढच्या चाकाशी बसल्या.

“तुमी पाया नाही पडत?” अतुलनं विचारलं.

“आमच्या घरी ते नाही,” सिस्टर म्हणाल्या. “पण गाडी थांबलेलीच असते, मामा तिकडं गुंतलेले असतात, तर तेवढ्यात या बाजूचं लॉक मी फिरवते. उजवं मामा फिरवतात. त्यांचे गुडघे दुखतात, उगाच दोन चकरा कशाला?”

रहमतभाई त्यांच्या शेजारी वाकले. जीप जुनी. हिच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध कटोरीएवढी चकती असते. ती हातानं फिरवून चाक लॉक करायचं, मग आत बसून फोर व्हीलचा दांडा ओढायचा. दोन्ही केलं तरच पुढची चाकं गाडी ओढतात. डांबरी रस्त्यावर चकत्या मोकळ्या ठेवायच्या. म्हणून तर बसस्टॉपच्या चकरेत गाडी वाजली नव्हती. तिथे चाकं लॉक करायचं कारणच नव्हतं आणि रहमतभाईंनी केलीही नव्हती.

चकतीवरची इंग्रजी अक्षरं झिजून गेली होती. त्यांच्या जागी लाल ठिपके होते. एक चकतीवर, एक बाहेरच्या कड्यावर.

“हे?”

“नेलपॉलिश,” सिस्टर जरा ओशाळून म्हणाल्या. “अक्षरं गेली आणि मामांना इंग्रजी येत नाही. म्हणून मी पावसाळ्यापूर्वी लावून दिलं. ठिपक्याला ठिपका भिडला की लॉक. दोन्ही चाकांना.”

रहमतभाईंनी तो ठिपका जवळून न्याहाळला. तो त्यांनी आधी पाहिला होता.

त्यांनी जॅक ओढत आणला. अतुललाही हात लावायला सांगितला, त्यानं कुरकुरत लावला. पुढचा भाग उचलून दोन्ही चाकं अधांतरी केली. सिस्टरांनी डाव्या हातानं डावी चकती फिरवली, उकंडाला उजवी रोजच्यासारखी फिरवायला लावली. त्यानं चष्मा लावला, ठिपक्याला ठिपका भिडवला, बोटानं दाबून खात्री केली. मग रहमतभाई गोणपाट अंथरून गाडीखाली सरकले. पाठीचे मणके एकेक करून जमिनीला टेकले तसे दुखले. टॉर्च तोंडात धरली.

“सिस्टर, डावं चाक फिरवा.”

डावं चाक फिरलं, त्याच्याबरोबर चाकाला जोडलेला आतला दांडा फिरला. बरोबर.

“उकंडा, उजवं.”

उजवं चाक फिरलं. आतला दांडा जागचा हलला नाही. आणि चाकाच्या पोटातून आवाज आला.

कर्र. टक. टक. कर्र.

गिरणी त्या वेळी बंद होती, म्हणून तो सगळ्यांना ऐकू आला. उकंडानं चाक आणखी एकदा फिरवलं, पुन्हा तोच. मग तो गाडीच्या बाजूला उकिडवा बसून राहिला. त्याला आनंद झालेला दिसला नाही. फार दिवस कोणी दार उघडलं नाही आणि शेवटी उघडलं, तर आत जायचंही त्राण उरू नये, तसा तो बसला होता.

रहमतभाई बाहेर आले. पाना घेतला आणि उजव्या चकतीचे सहाही बोल्ट एकेक करून सोडले. चकती हातात आली. बाकी काही पाहायची गरज नव्हती. पोळा झाल्यावर याच जीपचं पुढचं उजवं चाक त्यांनी ग्रीस भरायला खोललं होतं. उजवी चकती उघडताना त्यांना हा ठिपका दिसला होता आणि बाकावरच्यांना ते म्हणाले होते, आता गाड्याही नटू लागल्या. मग ग्रीस भरून त्यांनी चकती परत बसवली होती, जशी हाताला आली तशी. सहा बोल्टांवर ती कोणत्याही घरात बसते. ती एक घर सरकून बसली होती. तेव्हापासून ठिपक्याला ठिपका भिडत होता आणि आत दात दाताला नुसता घासत होता. डाव्या चाकाची चकती त्या दिवशी उघडावी लागली नव्हती, म्हणून ती बरोबर होती.

“झालं काय, ते सांगा ना,” अतुल म्हणाला.

त्यांनी सांगितलं. सावकाश, एकाच सुरात. “पुढच्या दोन चाकाईले जोर वाटून देणारी एक पेटी असते मधात, डिफरन्शियल. लई भोळी असते. एक बाजू मोकळी सुटली का सगळा जोर तिकडंच ओतून देते, दुसऱ्या चाकाले काई देत नाई. हे उजवं चाक धरतच नव्हतं. त्याच्यानं डावंबी ओढत नव्हतं. पेटी रिकामीच गरगर फिरे, ते सिस्टरची घुंई. अन् इथं दात घासत होते, ते याची कर्र.” त्यांनी उकंडाकडे पाहिलं नाही. “यानं लॉक बराबर केलं. दांडाबी ओढला. फोर व्हील टाकलंच होतं यानं. गाडीले पोहोचलं नाई. दोन महिने हा माणूस दोन चाकावर घाट चढून राह्यला होता. त्या दिवशी गिट्टी होती, नाई जमलं.”

“म्हणजे माझ्या ठिपक्यामुळं,” सिस्टर म्हणाल्या. डाव्या हातानं त्यांनी प्लास्टर धरलं होतं. “मी ते लावलंच नसतं तर.”

“लावलं नसतं तं मी काय धरून फिरवलं असतं?” उकंडा म्हणाला.

अतुल मात्र विचार करत होता. बोलला तेव्हा त्याचा आवाज मऊ होता. “चाचा, एक सांगा. गाडीतलं काई तुटलं का?”

“नाई.”

“झिजलं?”

“थोडं. चालते.”

“कंपनीची खूण जिथं पाह्यजे तिथंच हाय ना? चकती कशीबी बसवली तरी तिच्या अक्षराले पाहून फिरवलं, तं लॉक होते?”

“होते. अक्षर असलं तं.”

“मंग बिघाड कुठं हाय? नेलपॉलिश पाहून गाडी चालवा, असं कोन्या कंपनीनं सांगतलं नाई. कागदात जे लिवलं, ते खरंच हाय. कोणताही यांत्रिक बिघाड नाई.” त्यानं कागद पुन्हा पुढे केला. मग आणखी हळू म्हणाला, “आमच्या पाच गाड्या येतात तुमच्याकडं. ठेकेदार साहेबाले कळलं का चकती तुमी उलटी बसवली, तं माह्या हातात काई राहणार नाई.”

रहमतभाईंनी पेन घेतला. अतुल खोटं बोलत नव्हता, हीच अडचण होती. छापलेली ओळ शब्दाशब्दानं खरी होती. सही करायला एक क्षण लागला असता, पुन्हा कोणी काही विचारलं नसतं. पाच गाड्या म्हणजे गॅरेजचं निम्मं काम. या वयात नवीन गिऱ्हाईक कुठून आणायचं? आणि खरंच, दुसऱ्याच्या ठिपक्याची जबाबदारी मेकॅनिकनं का घ्यावी? दुसऱ्या कोणी विचारलं असतं, तर त्यांनी हेच सांगितलं असतं. स्वतःशी बोलताना त्यांना कधीच नीट मुद्दा सापडत नसे. आज सापडला होता आणि तो अगदी बिनचूक होता.

फक्त समोर उकंडा होता. गळ्याजवळचं बटण लावलेला, गुडघ्यावर तो चार घड्यांचा कागद धरून बसलेला.

“ते इकडं दे,” रहमतभाई म्हणाले.

“काय?”

“कानाचा कागद. बिलबुकावर ऑइल सांडलं, बसत नाई त्याच्यावर पेन.”

त्यांनी कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. उकंडाचा चष्मा मागून घेतला, तो त्यांना अर्धवट लागला. शाळा उर्दूतून झालेली, मराठी अक्षर त्यांचं मोठं आणि वाकडं यायचं. लिहायला पुष्कळ वेळ लागला. लिहून झाल्यावर त्यांनी तो सिस्टरांकडे दिला आणि त्यांनी मोठ्यानं वाचला.

‘ह्या गाडीचे उजवे चाक मी पोळ्यानंतर उघडले. झाकण परत बसवताना खुणेकडे पाहिले नाही. त्यामुळे चाक लॉक होत नव्हते. ड्रायव्हरने सर्व बरोबर केले. त्याने आवाज येतो म्हणून मला दोन वेळा सांगितले. मी आवाज ऐकला नाही. गाडी मागे आली त्यात त्याची चूक नाही. रहमत.’

“बराबर लिवलं का?” त्यांनी विचारलं. “काई चुकलं असन तं सांगा.”

“बरोबर आहे, चाचा.”

“हे मी साहेबाले कसं देऊ?” अतुल म्हणाला. “हा तं कानाचा कागद हाय.”

“तसाच दे. म्हणा, दोनी बाजू वाचा.”

“अन् गाड्या?”

“गाड्याईचं साहेब पाहून घेईन.”

“आधी झेरॉक्स करा दोन,” सिस्टर म्हणाल्या. “एक मी आमच्या डॉक्टर साहेबांना देते, माझ्या जबाबाला जोडून.” अतुलनं त्यांच्याकडे पाहिलं, मग मान हलवली. आता तो कागद हरवणार नव्हता, हे त्याला कळलं होतं.

“अन् मेन कागद माह्या मले वापस पाह्यजे,” उकंडा म्हणाला. “माह्ये कान हायेत त्याच्यावर.”

अतुल झेरॉक्सला गेला. सिस्टर बाकावर बसल्या आणि अमिनाबींनी घरून पाठवलेल्या पाण्याचा तांब्या त्यांनी एका हातानं कसाबसा तोंडाला लावला. रहमतभाई पुन्हा खाली बसून चकती एक घर मागे सरकवत होते. उकंडा टॉर्च धरून उभा होता.

मग तो म्हणाला, “एक इचारू का भाई?”

“इचार.”

“मले कान दाखवाले कायले पाठोलं तुमी?”

रहमतभाईंनी बोल्टाला दोन आटे दिले. उत्तर शोधलं. बाकावर लोक होते म्हणून, चेष्टा म्हणून, आवाज ऐकू आला नाही हे कबूल करायला नको म्हणून. सगळी उत्तरं थोडी थोडी खरी होती.

“थकलो होतो,” ते म्हणाले.

उकंडानं ते ऐकून घेतलं. पटलं की नाही, ते काही त्याच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. “टॉर्च नीट दिसून राह्यली का?” त्यानं विचारलं.

“दिसून राह्यली.”

सहा बोल्ट बसले. प्रत्येकाला रहमतभाईंनी दोनदा पाना लावला. मग सिस्टरांकडे नेलपॉलिश मागितली. ती त्यांच्या पिशवीत निघाली, पण उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून ब्रश रहमतभाईंनाच धरावा लागला. झिजलेला जुना ठिपका पेट्रोलच्या चिंधीनं पुसून त्यांनी त्याच जागी नवा लावला. ठिपका लांबट झाला, मिरचीच्या बीसारखा.

“वाळू द्या दोन मिनिटं,” सिस्टर म्हणाल्या. “फुंकर मारू नका, धूळ बसते.”

तिघं त्या ठिपक्याकडे बघत थांबले.

वाळल्यावर उकंडानं चष्मा लावला, वाकला, ठिपक्याला ठिपका भिडवला. अधांतरी चाक दोन्ही हातांनी धरून फिरवलं. चाक फिरलं, दांडा फिरला. रहमतभाई त्याच्याजवळच बसले होते, चाकापासून वीतभर अंतरावर, पण त्यांनी आपला कान पुढे केला नाही.

“येते का काई?” त्यांनी विचारलं.

उकंडानं मान उजवीकडे, खाली झुकवली. डोळे मिटले.

“नाई.”

“अजून एक डाव. सावकाश फिरव अन् नीट आइक.”

त्यानं चाक पुन्हा फिरवायला घेतलं.